समुद्री जीवात सापडलेला जिवाणू ‘नवी प्रजाती’ कसा ठरतो? होडी पोखरणाऱ्या किड्याच्या कल्ल्यांतल्या जिवाणूची १९ वर्षांची गोष्ट

‘समुद्री जीवात नवा जिवाणू सापडला’ अशी बातमी अधूनमधून येते आणि किनारपट्टीवर दोन प्रश्न लगेच विचारले जातात. पहिला, मासळी खायची की नाही? दुसरा, समुद्रात जिवाणूंची काय कमी, मग हा ‘नवा’ आहे हे कुणी आणि कसं ठरवलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी दिलं आहे. दुसऱ्याचं उत्तर जरा लांबचं आहे. एक खरं उदाहरण घेतलं तर ते नीट समजतं.

हे उदाहरण आहे ‘टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी’ या जिवाणूचं. तो मिळाला जहाजकिड्याच्या कल्ल्यांत. जहाजकिडा म्हणजे इंग्रजीतला ‘शिपवर्म’, होडीचं लाकूड आतून पोखरणारा जीव.

थोडक्यात
• जिवाणू प्रयोगशाळेत वेगळा वाढवला : १९८३
• तोच जिवाणू कल्ल्यांत राहतो याची जनुकीय खात्री : १९९१
• नवा वंश आणि नवी प्रजाती म्हणून अधिकृत नाव : २००२
• संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध : २००९
• आज महत्त्व कशासाठी : नव्या प्रतिजैविकांचा शोध

नाव आहे किडा, जात शिंपल्याची

मालवणपासून शापोरा, खारीवाडा आणि कारवारच्या बैतखोलपर्यंत ज्यांनी लाकडी होडी बाळगली आहे, त्यांना या जीवाची ओळख करून द्यायला नको. बाहेरून फळी धडधाकट दिसते, टाचणीच्या डोक्याएवढं एखादं भोक असतं. तीच फळी कापली की आत बोटभर जाडीचे बोगदे निघतात. लाकडाची चाळण झालेली असते.

हा जीव लांब, मऊ आणि अळीसारखा दिसतो म्हणून त्याला किडा म्हणतात. खरं तर तो तिसऱ्या आणि कालवांचा भाऊबंद आहे, म्हणजे दोन शिंपांचा मृदुकाय प्राणी. त्याच्या शिंपा मात्र अंग झाकण्याच्या कामाच्या राहिलेल्या नाहीत. त्या डोक्याकडच्या टोकाला कानशीसारख्या बसलेल्या असतात आणि त्यांनीच तो लाकूड खरवडत पुढे सरकतो. मागची दोन नळीसारखी टोकं भोकाशी, पाण्याकडे असतात. एकीतून पाणी आत येतं, दुसरीतून बाहेर जातं. धोका वाटला की तो भोक आतून बंद करून घेतो. लहानपणी डिंभक अवस्थेत तो पाण्यात तरंगत येतो, लाकडाला चिकटतो, बारीक भोक पाडून आत शिरतो आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच काढतो. म्हणूनच बाहेरून काही कळत नाही.

याने केलेलं नुकसान इतिहासात नोंदलेलं आहे. चौथ्या सफरीत कोलंबसची जहाजं किड्याने इतकी खिळखिळी केली की १५०३ मध्ये त्याला जमैकाच्या किनाऱ्यावर अडकून पडावं लागलं. १७३१ च्या सुमाराला नेदरलँड्समध्ये समुद्र अडवणाऱ्या बांधांचं लाकूड याने खाल्लं आणि पुढे तिथे दगड वापरावा लागला. १९१९ ते १९२१ या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात धक्के आणि गोद्या कोसळल्या. एक चांगली गोष्टही याच्या नावावर आहे. मार्क ब्रुनेल या अभियंत्याने जहाजकिड्याची पोखरण्याची पद्धत पाहून बोगदा खणण्याची ढाल बनवली. १८१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि त्याच तंत्राने लंडनच्या थेम्स नदीखालचा बोगदा तयार झाला.

आपल्याकडे या किड्यावर पिढ्यान्पिढ्या उपाय केले जातात. होडी ओढून वाळवायची, तळाला माशाचं किंवा काजूच्या टरफलाचं तेल, डांबर, चुना असं काही ना काही लावायचं. खाडीत वर गोड्या पाण्यात होडी नेऊन ठेवली तरी किडा मरतो, कारण बहुतेक जहाजकिड्यांना खारं पाणीच लागतं. फायबरच्या होड्या आल्या तसा त्रास कमी झाला. मात्र लाकडी ट्रॉलर, खुंट आणि जेट्टीचे खांब जिथे आहेत तिथे तो आजही आहे. खाजणात पडलेल्या मेलेल्या कांदळवनाच्या लाकडातही तो राहतो आणि तिथे त्याचं काम उपयोगाचं असतं. ते लाकूड तो मोडून परत निसर्गाच्या हिशेबात जमा करतो.

लाकूड पचवतं कोण?

शास्त्रज्ञांपुढे कोडं होतं ते खाण्याचं. लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. ते पचवणं बहुतेक प्राण्यांना जमत नाही. गाई-म्हशींच्या पोटात त्यासाठी सूक्ष्मजीव असतात, वाळवीच्या पोटातही असतात. जहाजकिड्याच्या आतड्यात मात्र जिवाणूंची तशी गर्दी दिसत नव्हती. दुसरी अडचण नत्राची. प्रथिनं बनवायला नत्र म्हणजे नायट्रोजन लागतो आणि लाकडात तो अगदी नाममात्र असतो. नुसतं लाकूड खाऊन एवढं अंग वाढतं कसं?

धागे हळूहळू जुळत गेले. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जहाजकिड्याच्या कल्ल्यांत जिवाणू दिसले. १९७५ मध्ये हा जीव हवेतला नायट्रोजन वापरू शकतो असं दिसून आलं. हे काम कुठलाही प्राणी स्वतः करू शकत नाही, ते जिवाणूच करतात. आपल्याकडे शेतकरी भुईमुगाच्या किंवा तुरीच्या मुळांवरच्या गाठी ओळखतात, त्यांच्यात जे चालतं तेच इथे चाललं असणार. पण कुठल्या जिवाणूमुळे?

पहिली पायरी : जिवाणू वेगळा काढणं

समुद्राच्या एका थेंबात हजारो जिवाणू असतात. प्राण्याचा तुकडा काढून तसाच बशीत ठेवला तर पाण्यातले, त्वचेवरचे आणि हातावरचे सगळेच उगवतील. त्यातला घरचा कोण आणि पाहुणा कोण हे कळणार नाही. म्हणून तुकडा निर्जंतुक समुद्रपाण्याने पुन्हा पुन्हा धुतात, मग वाटतात, पातळ करतात आणि योग्य खाद्य असलेल्या बशीत पसरतात.

खरी गोम ‘योग्य खाद्य’ या शब्दांत आहे. समुद्रातल्या शंभर जिवाणूंपैकी नेहमीच्या बशीत एखादाच वाढतो, असा ढोबळ अनुभव आहे. अमेरिकेतल्या वुड्स होल इथले जॉन वॉटरबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाद्यच असं ठेवलं की चुकीचा पाहुणा टिकूच नये. खाण्यासाठी फक्त सेल्युलोज दिला आणि नत्राचं खत दिलंच नाही. जो सेल्युलोज पचवतो आणि हवेतला नायट्रोजनही पकडतो, तोच तिथे तग धरणार. असा जिवाणू मिळाला. १९८३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याची माहिती आली. सेल्युलोज मोडणं आणि नत्र स्थिर करणं ही दोन्ही कामं एकटाच करणारा जिवाणू त्याआधी कुणी असा शुद्ध स्वरूपात वाढवलेला नव्हता.

या चमूत रूथ टर्नर होत्या. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात त्यांनी आयुष्यभर जहाजकिड्यांचाच अभ्यास केला. या कुळाची त्यांनी १९६६ मध्ये तयार केलेली सचित्र सूची आजही उघडली जाते. १९७१ मध्ये ‘अल्विन’ या पाणबुडीतून खोल समुद्रात उतरणाऱ्या त्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ. त्यांचं नाव पुढे पुन्हा येईल.

दुसरी पायरी : हा इथलाच, याचा पुरावा

बशीत वाढला म्हणजे तो कल्ल्यांत राहणाराच असेल असं नाही. ही शंका रास्त आहे आणि या क्षेत्रात अनेक दावे याच ठिकाणी कोसळतात.

त्यासाठी जनुकीय ओळख वापरली गेली. प्रत्येक जिवाणूत ‘१६ एस आरआरएनए’ नावाचं सुमारे १५०० अक्षरांचं जनुक असतं. प्रथिनं बनवण्याच्या कामात ते लागतं, त्यामुळे कुठल्याही जिवाणूला ते टाकता येत नाही. त्याचा काही भाग सगळ्यांमध्ये जवळपास सारखा असतो, तर काही भाग प्रजातीनुसार बदलतो. आधारकार्डाचा नमुना सगळ्यांचा एकच, पण आकडा प्रत्येकाचा वेगळा, तसंच हे. १९९१ मध्ये डॅनियल डिस्टेल आणि सहकाऱ्यांनी या जिवाणूच्या जनुकाला नेमकी चिकटणारी चमकती खूण तयार केली आणि ती कल्ल्यांच्या पातळ कापांवर सोडली. कल्ल्यांतल्या पेशी चमकल्या. बशीतला जिवाणू आणि कल्ल्यांतला जिवाणू एकच असल्याचं सिद्ध झालं.

तिसरी पायरी : ‘नवा’ म्हणजे कुणापेक्षा नवा?

नव्या माणसाची चौकशी गावात होते तशीच इथेही होते. कुणाचा कोण, जवळचे कोण, वेगळेपण कशात? त्यासाठी एकच चाचणी कधीच पुरेशी मानली जात नाही. सहसा पुढच्या गोष्टी तपासल्या जातात.

१. नातं : १६ एस जनुकाची तुलना आजवर नोंदलेल्या सगळ्या प्रजातींशी करतात. पूर्वी ९७ टक्क्यांपेक्षा कमी साम्य असलं तर नवी प्रजाती समजत. आता ही रेषा ९८.७ टक्क्यांच्या आसपास धरतात. मात्र साम्य याहून जास्त निघालं म्हणून प्रजाती एकच असं म्हणता येत नाही. तेव्हा पुढची तपासणी लागते.

२. पूर्ण डीएनएची तुलना : १९८७ पासून ७० टक्के डीएनए-जुळणीचा निकष वापरात आला. हे काम किचकट होतं आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळतीलच याची खात्री नसे. आता संपूर्ण जनुकसंच वाचून संगणकावर सरासरी साम्य काढतात. ते ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती वेगळी.

३. रूप : आकार, लांबी-रुंदी, शेपटी आहे का, ग्रॅम चाचणीत रंग कोणता घेतो.

४. सवयी : किती तापमानाला, किती खारेपणात आणि किती आम्लतेत वाढतो, काय खातो, प्राणवायू लागतो की नाही.

५. रसायन : पेशीच्या आवरणातली मेदाम्लं आणि स्निग्ध पदार्थ कुठले, डीएनएमध्ये जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण किती.

आपल्या जिवाणूचा ताळेबंद असा निघाला. ग्रॅम-निगेटिव्ह, ताठ दांडीसारखा, रुंदी ०.४ ते ०.६ मायक्रोमीटर आणि लांबी ३ ते ६ मायक्रोमीटर. पातळ माध्यमात पोहताना एका टोकाला एकच शेपटी. सगळ्यात चांगली वाढ ३० ते ३५ अंश सेल्सिअसला आणि ८.५ च्या आसपासच्या सामूला. नुसतं मीठ त्याला पुरत नाही, समुद्रात असतं तसं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही लागतं. म्हणजे तो अस्सल समुद्रीच. डीएनएमध्ये जी-सीचं प्रमाण ४९ ते ५१ टक्के.

एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. भरपूर हवा खेळवली तर या जिवाणूला नत्र बाहेरून द्यावा लागतो. प्राणवायू कमी असला तरच तो हवेतला नायट्रोजन पकडतो. अशा सवयी नोंदल्या नाहीत तर दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच जिवाणू ‘नत्र पकडत नाही’ असा निष्कर्ष निघेल आणि नसता वाद उभा राहील.

नमुना एकच असता तरी शंका राहिली असती. इथे एका नमुन्यासोबत आणखी ५८ नमुने होते. ते जहाजकिड्यांच्या २४ प्रजातींमधून घेतले होते आणि त्या कुळाच्या १४ पैकी ९ वंशांतल्या होत्या. त्यांतल्या चार नमुन्यांच्या १६ एस जनुकातली ८९१ अक्षरं ताडून पाहिली, तर एकही फरक निघाला नाही. शिवाय आधी माहीत असलेल्या कुठल्याही वंशात हा गट बसत नव्हता. म्हणून नुसती प्रजातीच नव्हे, तर अख्खा वंश नवा ठरवावा लागला.

चौथी पायरी : नाव ठेवणं

बारसं मनासारखं करता येत नाही. जिवाणूंच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. १ जानेवारी १९८० रोजी जुन्या नावांची छाननी करून मान्य यादी लागू झाली आणि त्यानंतरचं प्रत्येक नाव नियमानेच यावं लागतं. नाव लॅटिन वळणाचं असतं, पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा प्रजातीचा. ते ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सिस्टिमॅटिक अँड इव्होल्युशनरी मायक्रोबायोलॉजी’ या नियतकालिकात छापून यावं लागतं. दुसरीकडे छापलं तर याच नियतकालिकाच्या यादीत त्याची नोंद व्हावी लागते. तोपर्यंत ते नाव अधिकृत धरत नाहीत.

२००२ मध्ये याच नियतकालिकात नाव आलं, टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी. ‘टेरेडिनिडी’ हे जहाजकिड्यांचं कूळ, त्यातला ‘बॅक्टर’ म्हणजे दांडीसारखा जिवाणू आणि ‘टर्नेरी’ म्हणजे टर्नरबाईंचा. लॅटिनमध्ये स्त्रीच्या नावाला लागणारा प्रत्यय इथे आहे. रूथ टर्नर यांचं २००० मध्ये निधन झालं होतं, त्यामुळे छापलेलं नाव त्यांना पाहता आलं नाही.

नावांत आपल्या ओळखीचेही काही आहेत. हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने वातावरणाच्या वरच्या थरातून आणलेल्या एका जिवाणूला आर्यभटाचं नाव मिळालं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या एका जिवाणूला अब्दुल कलामांचं नाव आहे. ‘शिवाजिएला’ नावाचा एक समुद्री वंश आहे. तो वाचून मराठी माणसाला महाराज आठवणं साहजिक आहे, पण ते नाव हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस. शिवाजी यांच्यावरून आलं आहे.

पाचवी पायरी : दोन देशांत ठेव

कागदावर वर्णन लिहिलं म्हणून काम संपत नाही. जिवाणू जिवंत हवा आणि तो कुणालाही मागून पुन्हा तपासता यायला हवा. म्हणून प्रत्येक प्रजातीचा एक नमुना ‘प्रमाण नमुना’ म्हणून ठरवतात. २००१ पासूनच्या नियमानुसार तो किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक जिवाणू-संग्रहांत ठेवावा लागतो. एका ठिकाणी वीज गेली, आग लागली किंवा संस्था बंद पडली तरी दुसऱ्या ठिकाणी तो शिल्लक राहतो. सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवू नये, इतका साधा हा व्यवहार आहे.

टेरेडिनिबॅक्टर टर्नेरीचा प्रमाण नमुना ‘टी ७९०२’ या क्रमांकाचा आहे. तो लायरोडस पेडिसेलेटस या जहाजकिड्यातून घेतला होता. अमेरिकेच्या संग्रहात तो एटीसीसी ३९८६७ आणि जर्मनीच्या संग्रहात डीएसएम १५१५२ या क्रमांकाने ठेवलेला आहे. हे दोन क्रमांक म्हणजे त्याच्या पावत्याच.

प्रयोगशाळेत जे वाढतच नाहीत त्या जिवाणूंचं काय? त्यांना ‘कॅन्डिडेटस’ म्हणजे उमेदवार असं तात्पुरतं बिरुद मिळतं. २०२२ मध्ये ‘सेक्कोड’ नावाची वेगळी नियमावली आली. तिच्यानुसार केवळ जनुकसंचाच्या आधारावरही नाव देता येतं. जुन्या नियमावलीचे जाणकार आणि नव्या पद्धतीचे समर्थक यांच्यात त्यावर अजून मतभेद आहेत.

आपल्या किनाऱ्यावर सापडला तर?

गोवा, सिंधुदुर्ग किंवा उत्तर कन्नड किनाऱ्यावरच्या एखाद्या समुद्री जीवात असा जिवाणू मिळाला तर आंतरराष्ट्रीय नियमांसोबत देशाचा कायदाही लागू होतो. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने ठरवून दिलेल्या भांडाराला ती कळवायची आणि नमुना तिथे जमा करायचा असतो. दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था समुद्री वनस्पती आणि प्राण्यांसाठीचं असं भांडार आहे. सूक्ष्मजीवांचे मोठे संग्रह चंदिगडच्या आयएमटेक संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात आहेत. पेटंटसाठीच्या जिवाणू-ठेवी स्वीकारण्याची आंतरराष्ट्रीय मान्यता पुण्याच्या केंद्राला २०११ मध्ये मिळाली.

इथे एक खराखुरा पेच आहे. आंतरराष्ट्रीय नियम म्हणतो, नमुना दुसऱ्या देशातही ठेवा आणि मागेल त्याला मोकळेपणाने द्या. भारताचा कायदा म्हणतो, देशातलं जैविक धन परदेशी व्यक्तीला किंवा कंपनीला हवं असेल तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी घ्या. दोन्हींच्या मागे रास्त कारण आहे. पहिल्यामुळे विज्ञान पडताळता येतं. दुसऱ्यामुळे इथल्या खाजणातल्या जिवाणूवर उद्या औषध निघालं तर त्या नफ्यात इथल्या लोकांचा वाटा मागता येतो. मधल्या मध्ये संशोधकांची कागदपत्रं वाढतात आणि नाव छापून यायला उशीर होतो.

नाव मिळाल्याने फायदा काय झाला?

नाव म्हणजे फाइलवरचा क्रमांक. तो असला की जगभरातली माहिती एका जागी जमा होते. टेरेडिनिबॅक्टर टर्नेरीच्या फाइलमध्ये पुढे बरंच काही आलं.

• २००७ मध्ये एकेका जिवाणूपर्यंत बारकाईने पाहणाऱ्या तंत्राने सिद्ध झालं की हे जिवाणू कल्ल्यांच्या पेशींत बसून नत्र पकडतात आणि तो किड्याच्या अंगी लागतो.

• २००९ मध्ये ‘टी ७९०१’ या भावंड-नमुन्याचा सुमारे ५२ लाख अक्षरांचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. लाकूड मोडणाऱ्या एन्झाइमांची जनुकं त्यात होतीच. त्याशिवाय प्रतिजैविकांसारखी रसायनं बनवणाऱ्या जनुकांचे गटही मोठ्या संख्येने दिसले.

• २०१३ मध्ये याच जिवाणूपासून ‘टार्ट्रोलॉन ई’ हे बोरॉन असलेलं प्रतिजैविक मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. २०२० मध्ये ते मलेरियाच्या परजीवीवर आणि त्याच्या जातभाईंवर प्रयोगशाळेत परिणामकारक ठरलं.

• २०१४ मध्ये ‘बँकिया सेटेसिया’ या दुसऱ्या जहाजकिड्यात दिसलं की कल्ल्यांतल्या जिवाणूंनी बनवलेली एन्झाइमं पचनमार्गात पोचतात. आतड्यात जिवाणू का दिसत नव्हते, हे जुनं कोडं त्यामुळे सुटलं. कारखाना कल्ल्यांत आणि माल पोटात, अशी ही व्यवस्था.

• २०२१ मध्ये ‘टर्नरसायक्लामायसिन’ हे प्रतिजैविक पुढे आलं. कोलिस्टिन या अखेरच्या पर्यायाच्या औषधालाही दाद न देणारे ॲसिनेटोबॅक्टर जिवाणू त्याने प्रयोगशाळेत मारले. अतिदक्षता विभागात ज्यांचा रुग्ण अशा संसर्गाने अडकला आहे, त्यांना या ओळीचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही. मात्र हे अजून औषध झालेलं नाही. प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतची वाट लांब असते आणि बरेच उमेदवार वाटेतच गळतात.

किड्याच्या कल्ल्यांतला जिवाणू प्रतिजैविक का बनवतो? पोट लाकडाची साखर करतं आणि ती साखर इतर जिवाणूंनाही हवी असते. जहाजकिड्याचं पचन स्वच्छ राहण्यात या रसायनांचा हात असावा, असा अंदाज आहे.

वंशात आणखी सभासदही आले. २०२० मध्ये ‘टेरेडिनिबॅक्टर वॉटरब्युरी’ हे नाव जॉन वॉटरबरी यांच्यावरून दिलं गेलं आणि २०२१ मध्ये आणखी तीन प्रजातींना नावं मिळाली. चारही बँकिया सेटेसियाच्याच कल्ल्यांतल्या. या वेळी पूर्ण जनुकसंच हाताशी असल्याने ताडून पाहणं पुष्कळ सोपं गेलं.

अशी बातमी वाचताना काय पाहावं?

‘नवा’ म्हणजे नव्याने निर्माण झालेला का?
नाही. जिवाणू लाखो वर्षांपासून तिथेच असतो, आपल्या वहीत त्याची नोंद आता होते इतकंच. आजवर अधिकृत नाव मिळालेल्या प्रजाती २० हजारांहून जास्त आहेत आणि निसर्गातल्या एकूण संख्येपुढे हा आकडा किरकोळ आहे.

नवा जिवाणू म्हणजे नवा रोग का?
तसं नाही. समुद्री जीवांतले बहुतेक जिवाणू त्या जीवाचे सोबती असतात. काही जण, विशेषतः व्हिब्रिओ वंशातले, माणसाला आजारी पाडतात. पण ‘नवी प्रजाती’ या शब्दांवरून ते कळत नाही. बातमीत आजाराचा वेगळा पुरावा दिला आहे का ते पाहावं.

मासळी, तिसऱ्या, कालवं खावीत का?
ताजी घ्यावीत, नीट धुवावीत आणि पूर्ण शिजवून खावीत. हा नियम नव्या जिवाणूच्या आधीही होता आणि नंतरही तोच आहे. जहाजकिडाही खाल्ला जातो. फिलिपिन्समध्ये तो ‘तामिलोक’ या नावाने आवडीने खातात.

दावा पक्का आहे हे कसं ओळखावं?
चार गोष्टी शोधाव्यात. नियमाप्रमाणे दिलेलं दोन शब्दी नाव, ते कुठे छापून आलं, दोन संग्रहांतले क्रमांक आणि पूर्ण जनुकसंचाची तुलना. यातलं काहीच नसेल तर ‘शक्यता आहे’ इतकंच धरून चालावं.

१९८३ मध्ये बशीत वाढलेल्या जिवाणूला नाव मिळायला १९ वर्षं लागली. हा काळ वाया गेला नाही. आधी तो इथलाच आहे हे दाखवावं लागलं, मग २४ प्रजातींतून नमुने गोळा करावे लागले आणि मग सगळ्यांची जुळणी करावी लागली. त्या पायावर आज प्रतिजैविकांचा शोध चालला आहे. जेट्टीवर कुणी पोखरलेली फळी काढून फेकेल, तेव्हा तिच्या बोगद्यांतही असा एखादा जिवाणू असू शकतो. त्याची नोंद आपल्या संस्थेत आधी होते की बाहेर, हे आपल्याकडे नमुने किती काळजीने जमा होतात आणि कागदपत्रं किती वेळेत पुढे सरकतात यावर ठरेल.